बोअरला लाल पाणी, विहिरीला वास: आरओ प्लँट घ्यायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. बेळगावच्या पश्चिमेला उचगाव रोडकडं घर, आजोबांच्या वेळची 35 फुटी विहीर, शेजारी 4 वर्षांपूर्वी मारलेला 280 फुटी बोअर, आणि खाली रस्त्याच्या बाजूला स्वतःची खानावळ. बोअरचं पाणी भरताना काचेसारखं आणि सकाळी बादलीच्या तळाला लाल, चहा काळा होतोय, गिझर दोनदा बदलून झाला, विहिरीच्या पाण्याला पावसाळ्यात गटारीचा वास. टीडीएस 210. एकजण येऊन सगळ्या घराला मिळून आरओ आणि सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं मशीन) असं 1 लाख 40 हजारांचं कोटेशन देऊन गेलाय, घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

मी ह्या धंद्यात 22 वर्षं आहे, सुरुवात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीवाल्यांच्या कूलिंग टॉवरला सॉफ्टनर बसवण्यापासून केली, मग हॉटेलं, हॉस्टेलं, शेवटी घरं. मशीन विकूनच पोट भरलंय तेव्हा मशीनविरुद्ध मी काय बोलणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. टीडीएस 210 म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार कमी आहेत (आकडा लिटरला मिलिग्रॅममध्ये, पुढं हार्डनेस, लोखंड, नायट्रेट, फ्लोराईडचे पण तसेच), पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 500 पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. आरओचं खरं काम क्षार काढायचं. 210 चं 30 करून तुम्हाला काय मिळणार, आणि दर 1 लिटरमागं 2-3 लिटर पाणी गटारीत जाणार ते वेगळंच, उन्हाळ्यात बोअर दमला की तेच पाणी आठवतंय.

आता गिझर. त्या माणसानं गिझर गेला म्हणजे हार्डनेस, पाण्याचा जडपणा, असं गृहीत धरून सॉफ्टनर लावलाय कोटेशनात. टीडीएसच 210 असल्यावर हार्डनेस फार तर दीडशेच्या आसपास असेल, त्यानं 4 वर्षांत दोन गिझर जात नाहीत. गिझरवाल्याकडं जुनं एलिमेंट पडलेलं असेल तर मागून आणा आणि त्यावरच्या थरावर लिंबू पिळा. थर पांढरा असेल आणि फसफसला तर चुना, म्हणजे जड पाणी. तपकिरी चिखलासारखा असेल, बोटाला लाल लागत असेल आणि लिंबानं काही होत नसेल तर लोखंड. माझा अंदाज दुसऱ्यावर आहे. चहा काळा होतोय ते पण त्याचंच, चहातल्या तुरट द्रव्याबरोबर लोखंड मिळालं की शाई तयार होते, पूर्वी शाई अशीच करायचे. भात पिवळट होतो का ते वहिनींना विचारा. आणि तूरडाळ शिजायला वेळ लागत नसेल, साबणाला फेस बरा येत असेल, तर पाणी जड नाही हे स्वयंपाकघरातच सिद्ध झालं.

लोखंडाची भानगड अशी असते की जमिनीखाली हवा नसते म्हणून ते पाण्यात विरघळून राहतं, दिसत नाही. मोटर चालू केली, पाणी वर आलं, हवा लागली की गंजतं आणि खाली बसतं. करून बघायचं तर मोटरजवळच्या नळाला पाच-दहा मिनिटं पाणी सोडून द्या, मग पारदर्शक बाटली भरून खिडकीत ठेवा. लगेच लाल दिसलं तर केसिंग (बोअरमध्ये बसवलेला बाहेरचा पाईप) किंवा आतल्या पाईपचा गंज असू शकतो, तासा-दोन तासांनी हळूहळू लाल झालं तर लोखंड खालून येतंय. तेवढ्यात वर जाऊन संडासच्या फ्लश टाकीचं झाकण पण उघडा, आत भिंतीला गुळगुळीत लालसर शेंबडासारखा थर असेल तर लोखंड खाणारे जिवाणू पण आहेत. पाण्यावर रंगीत तेलकट पापुद्रा दिसला तर काडीनं मोडा, काचेसारखे तुकडे पडले तर जिवाणूंचा, परत मिसळून एक झाला तर खरं तेल, मग मोटरकडं बघा.

एक कबुली देतो. सुरुवातीच्या दिवसांत खानापूरकडच्या एका लॉजला मी सॉफ्टनर बसवला, हार्डनेस बघितला आणि लोखंड बघितलंच नाही. चार महिन्यांत मालकाचा फोन, फेस येत नाही म्हणून. व्हेसल, म्हणजे त्याची टाकी, उघडली तर जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी, मधासारखं पिवळं रेझिन, पार विटकरी होऊन गेलेलं, हातात घेतलं तर चिकट. सगळं रेझिन पदरच्या पैशानं बदललो. तेव्हापासून माझ्या पिशवीत लोखंडाचं किट पहिलं असतंय, टीडीएस मीटर नंतर. हे सांगायचं कारण, पाण्याच्या प्रत्येक दोषाला औषध वेगळं आहे आणि औषधांचा क्रम चुकला की एक औषध दुसऱ्याला मारतं. लोखंड न काढता सॉफ्टनर लावला की रेझिन मेलं. लोखंड न काढता आरओ लावला की मेंब्रेन, आतला गाळणारा पडदा, तुंबला. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा, लावला तर काचेच्या नळीवर लाल थर बसून उजेडच पाण्यापर्यंत जात नाही, आणि दिवा मात्र चालू दिसतो म्हणून घरचे बिनघोर पितात. क्लोरीन टाकलं तर टाकीतलं सगळं पाणी तिथंच लाल, मग शेजारी म्हणतात औषधानं पाणी बिघडलं. आणि क्लोरीनचं पाणी तसंच आरओत सोडलं तर मेंब्रेन जळतो, मध्ये कार्बन पाहिजे. तुमच्या कोटेशनात लोखंडाचा फिल्टर आहे का बघा. मला वाटतं नसणार.

कोटेशन देताना त्या माणसानं दोन ग्लासात दोन तारा घालून तुमचं पाणी लाल-काळं करून दाखवलं असेल तर ती जादू पण समजून घ्या. त्या तारा लोखंडाच्या असतात, वीज सोडली की तारच झिजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार अगदी थोडे असतात, वीज फारशी जातच नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाका आणि परत करून दाखवा म्हणा, त्याचं पण पाणी तसंच होईल.

आता आपल्या भागाचं थोडं, कारण गावोगावी रोग वेगळा. तुमच्याकडं, आणि तिथनं खानापूर, जांबोटी, कणकुंबीपर्यंत तांबडी माती आणि जांभा. पाऊस दणकून, पाणी हलकं, क्षार कमी, पण आंबट, म्हणजे पीएच साडेसहाच्या खाली जाणारं, आणि लोखंड. जांभ्याला भोकं असतात, पाणी त्यातनं पळतं, म्हणून मिरगाचा पाऊस झाला की चार दिवसांत विहीर वर येते आणि त्याच वाटेनं घाण पण येते. तिकडं चिकोडी, रायबाग, अथणीला काळी माती, वर्षानुवर्षं उसाला पाणी आणि युरिया, तिथं पाणी जड, मचूळ, आणि नायट्रेट. रामदुर्ग-सौंदत्तीच्या कोरड्या पट्ट्यात खोल बोअर असेल तर टीडीएस आणि फ्लोराईड बघितल्याशिवाय प्यायचं नाही, फ्लोराईड दीडच्या वर गेलं की पोरांचे दात आणि म्हाताऱ्यांची हाडं, आणि त्याला ना वास ना चव. त्या गावांतनं 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक', म्हणजे शुद्ध पिण्याच्या पाण्याचं केंद्र, असा बोर्ड लावलेलं नाण्यावर चालणारं आरओचं खोपटं असतंय, तिथं आरओला खरा अर्थ आहे. तुमच्या अंगणात नाही.

नायट्रेटचं एक बजावून सांगतो, कारण ह्यात लई घोळ होतो. उकळलं की पाणी शुद्ध, हे जंतूंपुरतं खरं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट वाफ उडून गेल्यावर जास्त दाट होतं. मर्यादा 45 आहे, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल तर ते पाणी त्याला घातकच, ओठ-नखं निळी पडतात. अशा विहिरीचं पाणी कपड्याला, भांड्याला वापरा, बाळाचं आणि पिण्याचं आरओचं किंवा दुसरीकडचं. आणि उकिरडा विहिरीपासून हलवा आधी.

तर तुम्ही करायचं काय.

पहिलं तपासणी, मशीन नाही. बोअरचा आणि विहिरीचा नमुना वेगवेगळा. पीएच, टीडीएस, हार्डनेस, लोखंड, मँगेनीज, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतू. एवढं सरकारी लॅबमध्ये थोडक्या पैशात होतं, जल जीवन मिशनच्या लॅब लोकांना पण खुल्या केल्यात, आणि ग्रामपंचायतीत बायकांना फील्ड किट दिलंय, शिकवलंय, त्यांनाच विचारा आधी. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्या. जंतूंसाठी मात्र लॅबचीच निर्जंतुक बाटली, आत बोट घालायचं नाही, बर्फावर ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. लोखंडाचा नमुना रात्रभर घरात ठेवून नेला तर ते तळाला बसतं आणि रिपोर्टमध्ये कमी येतं, म्हणून जागच्या जागी किटनं बघितलेलं बरं. एकदा मे अखेरीला आणि एकदा जोराचा पाऊस झाल्यावर तपासा. एका रिपोर्टवर जन्मभराचा निर्णय घेऊ नका.

दुसरं विहीर. खरं सांगू का, विहिरीच्या वासाला मशीन लागतच नाही निम्म्या ठिकाणी, गवंडी लागतो. तुमचा शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे ते लिहिलं नाही, टेप धरून मोजा. 50 फुटांच्या आत असेल, त्यातनं वरच्या अंगाला असेल, तर वास कुठनं येतोय ते मला विचारायची गरज नाही. शेजाऱ्याचा पण मोजा, भांडण न करता. मग कठडा दोन-अडीच फूट वर, भोवती उतार दिलेला सिमेंटचा कट्टा, कट्ट्याचं पाणी लांब नेणारी नाली, वर जाळी आणि पत्र्याचं झाकण, आतल्या बाजूनं वरचे 10 फूट दगडाच्या सांदी सिमेंटनं भरून घ्या, म्हणजे वरचं पाणी वरच्यावर आत शिरत नाही. आजोबांच्या वेळी शोषखड्डे नव्हते म्हणून उघड्या विहिरी चालल्या.

गाळ काढायला माणूस उतरवताना सांभाळा. जुन्या बंद विहिरीत हवा मेलेली असते, कंदील सोडून बघायची पद्धत आहे पण काही विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. ब्लोअरनं अर्धा तास हवा सोडा, माणसाला दोर बांधा, वर दोघं पाहिजेत, आणि पेट्रोल-डिझेलचं इंजिन कधीच विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरानं माणसं गेलीत.

मग ब्लीचिंग पावडर, आपल्याकडं टीसीएल म्हणतात तीच. विहिरीचा व्यास फुटात, गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली फुटात, गुणिले 22, एवढे लिटर पाणी. 10 फूट व्यास आणि 13 फूट पाणी असेल तर 28,600 लिटर. रोजच्या शुद्धीकरणाला 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथं 70-72 ग्रॅम. पण गाळ काढल्यानंतर एकदा जोराचा डोस द्यायचा, 50 पीपीएमच्या, म्हणजे 1000 लिटरला 50 ग्रॅम क्लोरीनच्या, हिशोबानं ह्या विहिरीला 5 किलोच्या आसपास ताजी पावडर. उघडी राहून मऊ झालेली पावडर घेऊ नका, तिचा जोर गेलेला असतो, वास नाकात झोंबला पाहिजे. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडा आणि पोहऱ्यानं वरखाली ढवळा. चुना टाकला तर उगीच पाणी जड होतं. रात्रभर तसंच, नळ उघडून पाईपमध्ये पण वास येईपर्यंत सोडा, दुसऱ्या दिवशी उपसा करा, ते पाणी झाडांना आणि माशांच्या तळ्यात नको. वास गेल्यावर चार-पाच दिवसांनी परत जंतूंची तपासणी. परत जंतू आले तर पावडर कमी पडली असं नाही, घाण यायची वाट बंद झाली नाही असं समजा, परत गवंडी.

2019 च्या ऑगस्टच्या पुरानंतर कृष्णाकाठी आणि वेदगंगा-दूधगंगेकडच्या विहिरी साफ करायला आम्ही जवळजवळ दीड महिना फिरत होतो. तिथं एक शिकलो, पूर उतरल्या उतरल्या विहीर एका दमात उपसायची नाही. भोवतालची माती पाण्यानं फुगलेली असते, आतलं पाणी काढलं की बाहेरच्या दाबानं दगडी बांधकाम आत येतं. एका गावात आमच्यासमोर एक बाजू खाली बसली, माणूस आत नव्हता म्हणून वाचलो.

तिसरं बोअर. लोखंड 1 च्या वर आलं तर फिल्टर पाहिजेच, मानकाची हद्द तीच आहे, पण चहा आणि कपड्यांना 0.3 नंतरच कळायला लागतं. साधा आणि स्वस्त उपाय असा की बोअरचं पाणी थेट टाकीत न सोडता वर शॉवरसारखं भोकाभोकातनं पाडा, हवा लागू द्या, अर्धा-पाऊण तास एका टाकीत थांबू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधनं दुसऱ्या टाकीत. लोखंड पहिल्या टाकीत आणि वाळूत अडकतं, आठवड्यातनं दोनदा उलटं पाणी मारून वाळू धुवायची. पण पाणी आंबट असेल तर हवेनं लोखंड लवकर गंजत नाही, नुसतं फिरत राहतं आणि फिल्टरमधनं पलीकडं जाऊन लाल होतं. म्हणून पीएच आधी बघायचा, 7 च्या खाली असेल तर वाळूच्या आधी चुनखडीच्या खड्यांचा, कॅल्साईटचा, फिल्टर. जागा नसेल तर मँगेनीज डायॉक्साईडच्या खड्यांचा तयार आयर्न फिल्टर मिळतो, त्याला पण पीएच आणि धुवायला दाबाचं पाणी लागतं, एवढं पंपवाल्याला विचारून घ्या.

फ्लश टाकीत शेंबूड दिसला असेल तर त्याच्या आधी बोअरलाच एकदा हायपो, म्हणजे पातळ क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराईट). साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी बसतं, 200 फूट पाणी असेल तर 1300 लिटर, त्याला 10 टक्क्यांचा हायपो सव्वा-दीड लिटर. बोअरमध्ये पावडर टाकू नका, चुना पंपात जाऊन बसतो. आणि आधी अॅसिडनं पाईप धुतला असेल तर लगेच हायपो नाही, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. जिवाणू एकदा मरून कायमचे जात नाहीत, वर्षा-दीड वर्षानं परत करावं लागेल हे धरूनच चला.

खानावळीचं थोडं वेगळं आहे कारण तिथं तुमच्या एकट्यापुरतं नाही, जेवायला येणाऱ्यांची पण जबाबदारी आहे. लोखंडाचा फिल्टर झाल्यावर पिण्याच्या आणि शिजवायच्या पाण्याला यूव्ही किंवा क्लोरीन. मी क्लोरीन सांगतो, कारण यूव्ही जिथं दिवा तिथंच मारतं, पुढं टाकीत, माठात, तांब्यात काही राखत नाही. ओटी टेस्टनं (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून उरलेलं क्लोरीन बघायची चाचणी) नळाला फिकट पिवळा रंग आला, 0.2 ते 0.5 क्लोरीन उरलं, की झालं. वाढप्यालाच रोज सकाळी करायला लावा.

सॉफ्टनर कुणाला लागतो ते पण सांगून टाकतो म्हणजे कोटेशन वाचता येईल. अथणीकडं हार्डनेस 450 आहे, सोलर हीटरच्या नळ्या पांढऱ्या होतायत, तिथं लागतो. 25 लिटर रेझिनची व्हेसल घेतली तर रेझिन मिठाच्या पाण्यानं धुवायच्या दोन वेळांच्या मध्ये साधारण 2,700 लिटर पाणी मिळेल, ह्याला धंद्यात ओबीआर म्हणतात, हा आकडा कोटेशनावर लिहून मागा, बरेच जण लिहीत नाहीत. दर वेळी साडेतीन-चार किलो मीठ. आणि सॉफ्टनरनं टीडीएस कमी होत नाही, कॅल्शियम जातं आणि सोडियम येतं, मीटर लावून भांडायला येऊ नका. ते मिठाचं पाणी झाडांना किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडायचं नाही, आरओचं उरलेलं पण नाही, फिरून तुमच्याच विहिरीत येतं. उद्यमबागकडच्यांनी हे पण ध्यानात ठेवा, कूलिंग टॉवरला सॉफ्ट पाणी चालतं, इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) कॉइलला आणि पॅनेलला डीएम, म्हणजे सगळे क्षार काढलेलं पाणी, लागतं, तिथं काटकसर केली तर कॉइल जातो. वडगावात एका साड्यांच्या रंगाऱ्याचा मरून रंग दर लॉटला वेगळा येत होता, रंग बदलले, कारागीर बदलला, शेवटी निघालं बोअरमधलं लोखंड, फिल्टर टाकल्यावर रंग जाग्यावर. पाईपवर चुंबक बसवून क्षार मरतात म्हणून विकतात ते मी विकत नाही, कधी चाललेलं बघितलं नाही.

रिपोर्ट आला की लोखंड, पीएच, हार्डनेस, नायट्रेट आणि जंतू एवढे आकडे लिहा, शोषखड्ड्याचं माप लिहा, आणि गिझरच्या थरावर लिंबू पिळल्यावर काय झालं ते. फ्लश टाकीचा फोटो पण टाका, झाकण उघडून, आतला.